‘अननोन डिव्हाइस’ म्हणजे नेमके काय?

विंडोज नव्याने बसवल्यानंतर डिव्हाइस मॅनेजर (संगणकाला जोडलेल्या उपकरणांची यादी दाखवणारी खिडकी) उघडला की ‘अदर डिव्हाइसेस’ या मथळ्याखाली, पिवळ्या त्रिकोणातील उद्गारचिन्हासह, ‘अननोन डिव्हाइस’ अशी ओळ पुष्कळदा आढळते. ती पाहून संगणकात व्हायरस शिरला किंवा कोणी पाळत ठेवणारे यंत्र बसवले, असा निष्कर्ष काढून मोकळे होणारे लोक थोडेथोडके नाहीत. वास्तविक ही ओळ त्या उपकरणापेक्षा विंडोजच्या अज्ञानाबद्दलच अधिक सांगते. उपकरणाने आपला क्रमांक बहुधा व्यवस्थित कळवलेला असतो. त्या क्रमांकाशी जुळणारा ड्रायव्हर, म्हणजे ते उपकरण चालवणारा प्रोग्रॅम, तेवढा विंडोजजवळ नसतो.

हा क्रमांक विचारण्याची रीत मला फार आवडते. पीसीआय या, संगणकातील उपकरणे जोडणाऱ्या मार्गिकेवरील प्रत्येक उपकरणाच्या ठरावीक नोंदींच्या जागेत, अगदी आरंभीच, १६ बिटांचे दोन क्रमांक कोरलेले असतात. पहिला उत्पादकाचा आणि दुसरा त्या उपकरणाचा. संगणक सुरू होताना प्रणाली एकेका संभाव्य पत्त्यावर जाऊन ‘तुमचा उत्पादक कोण?’ असे विचारत पुढे सरकते. एका मार्गिकेवर ३२ उपकरणे आणि प्रत्येकाची जास्तीत जास्त ८ कार्ये, इतके पत्ते असू शकतात. ज्या पत्त्यावर कोणीच नाही तेथून उत्तर येत नाही, आणि वाचणाऱ्याच्या हाती सगळे बिट १ असलेली संख्या पडते, म्हणजे षोडशमान (१६ पायाच्या) पद्धतीत एफएफएफएफ. म्हणूनच हा क्रमांक कोणत्याही कंपनीला दिला जात नाही. तो अनुपस्थितीसाठी राखलेला आहे. इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ आहे, ही तिच्या १९७८ सालच्या गाजलेल्या प्रोसेसरची आठवण. या दोन क्रमांकांशी जुळणारी आयएनएफ फाइल (ड्रायव्हर कोणत्या उपकरणांसाठी आहे ते सांगणारी) सापडली तर ड्रायव्हर बसतो, न सापडल्यास त्रुटी क्रमांक २८ दिसतो.

या क्रमांकांशेजारीच उपकरणाचा वर्ग सांगणारा संकेतही असतो. त्यामुळे ड्रायव्हर नसतानाही विंडोज ‘एसएम बस कंट्रोलर’ असे अर्धवट नाव देऊ शकते. मदरबोर्डवरील काही घटक मात्र बायॉसच्या (मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रॅमच्या) एसीपीआय तक्त्यांतून, म्हणजे घटकांचे वर्णन करणाऱ्या याद्यांतून, कळतात आणि तेथे असा वर्गसंकेत नसतो; निव्वळ ‘अननोन डिव्हाइस’ या नावाने दिसणारी ओळ अनेकदा अशाच घटकाची असते.

यूएसबीची गोष्ट निराळी, कारण तेथे उपकरण केव्हाही येते. त्याच्या दोन संदेशवाहक तारांपैकी एका तारेला उपकरणाच्या बाजूने सुमारे १.५ किलोओहमचा रोध जोडून तिचे व्होल्टेज वर खेचलेले असते. तार डी-प्लस असेल तर उपकरण पूर्ण वेगाचे, आणि डी-मायनस असेल तर कमी वेगाचे. व्होल्टेज वाढले की संगणकाला कोणी आल्याची चाहूल लागते. मग तो त्या उपकरणाला रीसेट करतो, शून्य या तात्पुरत्या पत्त्यावर त्याची ओळख विचारू लागतो आणि १ ते १२७ यांपैकी एक पत्ता नेमून देतो. ओळखीचे हे वर्णनपत्र अवघे १८ बाइटांचे असते. ते आलेच नाही, तर विंडोज त्रुटी क्रमांक ४३ दाखवते आणि ओळखीच्या जागी उत्पादक क्रमांक म्हणून चार शून्ये लिहिते. अशी शून्ये दिसली की ड्रायव्हर शोधत बसणे व्यर्थ आहे. केबल, पोर्ट, हब आणि विद्युतपुरवठा तपासावा, तरीही फरक पडला नाही तर उपकरणच बिघडले असे समजावे.

शून्ये नसतील तर प्रॉपर्टीजमधील ‘डिटेल्स’ पानावर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडून तेथील क्रमांक शोधावा आणि ड्रायव्हर संगणक बनवणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. ‘तुमचे ३७ ड्रायव्हर जुने झाले आहेत’ अशा धमक्या देणाऱ्या प्रोग्रॅमांवर विसंबू नये. ड्रायव्हर जुना असणे हा काही आजार नव्हे, आणि नीट चालणाऱ्या उपकरणाला चुकीचा ड्रायव्हर बसवण्याचा धोका अशा प्रोग्रॅमांमुळेच ओढवतो.

आता भुताटकीकडे वळू. डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ यादीत ‘शो हिडन डिव्हाइसेस’ निवडले की फिकट चिन्हांची रांग उमटते. ही एके काळी जोडलेली, आता जवळ नसलेली उपकरणे होत; त्रुटी क्रमांक ४५ तेवढेच सांगतो. उपकरण काढले तरी रजिस्ट्रीतील (विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतील) त्याची नोंद पुसली जात नाही. ज्या उपकरणाला स्वतःचा अनुक्रमांक असतो त्याला विंडोज कोणत्याही पोर्टवर तेच म्हणून ओळखते. अनुक्रमांक नसलेला माऊस मात्र दुसऱ्या पोर्टला लावला की नवा धरला जातो आणि जुनी नोंद भुतासारखी मागे उरते. अशा नोंदी पुसल्याने संगणक वेगवान होतो हा समज निराधार आहे.

तरी दोन प्रसंगी त्या खरोखर अडचण करतात. काढून टाकलेल्या नेटवर्क कार्डाला ठरावीक आयपी पत्ता दिलेला असेल, तर तोच पत्ता नव्या कार्डाला देताना तो दुसऱ्या अडॅप्टरकडे असल्याची तक्रार येते, आणि तो दुसरा अडॅप्टर कोठे दिसत नाही. यूएसबी-सीरियल केबलींच्या बाबतीत कॉम पोर्टचे (विंडोज सीरियल जोडणीला देते त्या नावाचे) क्रमांक जुन्या नोंदींनी अडवल्यामुळे वाढत जातात, आणि लहान क्रमांकांचीच अपेक्षा ठेवणारे जुने प्रोग्रॅम केबल शोधू शकत नाहीत. दोन्ही वेळी लपलेल्या उपकरणांच्या यादीतील नेमकी तीच फिकट नोंद ‘अनइन्स्टॉल’ करावी. चुकून दुसरी पुसली गेली, तर ते उपकरण पुन्हा जोडताच विंडोज त्याची ओळख नव्याने विचारून घेते.