लँडिंग नेट (मासा सोडून देण्यासाठी)

गळाला लागलेला मासा पाण्यातून वर घेण्याचे दांड्याचे हातजाळे. कडे, झोळी व दांडा हे त्याचे तीन भाग. मासा घरी न्यायचा असेल तर कोणतेही मजबूत जाळे चालते. तो जिवंत सोडायचा असेल तर मात्र झोळीचा धागा, गाठ, आस (जाळ्याचे भोक) व खोली यांवर त्याचे पुढचे जगणे अवलंबून असते. प्रस्तुत नोंद या दुसऱ्या हेतूपुरती असून ग्रिपर (जबडा धरणारा चिमटा), मासा ठेवायची चटई व गॅफ (टोकदार आकडा) यांचा विचार त्या ओघात केला आहे.

पूर्वपीठिका : मासा पकडून सोडण्याची प्रथा नेमकी कोठे सुरू झाली याबद्दल एकमत नाही. अमेरिकी लेखनात तिचे श्रेय बहुधा गळाच्या मासेमारीवरील लेखक ली वुल्फ यांना दिले जाते. गळाचा मासा एकदाच पकडला जावा इतका स्वस्त नाही, अशा अर्थाचे त्यांचे १९३९ मधील विधान प्रसिद्ध आहे. मिशिगन राज्याने १९५२ मध्ये ट्राउट वाढवून पाण्यात सोडण्यावरील खर्च कमी करण्यासाठी ही पद्धत अधिकृतपणे स्वीकारली. ब्रिटनमध्ये मात्र कार्प, टेंच यांसारखे गोड्या पाण्यातले मासे सोडून देण्याची रीत त्याआधीची, साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली मानतात. साधनांचा विचार करता ब्रिटिश परंपरेकडे झुकते माप द्यावे लागते, कारण मोठे त्रिकोणी कडे, बिनगाठीची झोळी आणि ओली चटई ही सामग्री कार्पच्या मासेमारीतूनच पुढे आली. इंग्लंडच्या नियमांत गाठींचे किंवा धातूच्या आसाचे लँडिंग नेट वापरण्यास मनाई आहे.

मुंबईत या छंदाचे जुने केंद्र म्हणजे १८९१ मध्ये बांधलेला पवई तलाव. १९३० च्या दशकात तेथे बॉम्बे प्रेसिडेन्सी अँगलिंग असोसिएशन उभी राहिली. आजची महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही तिचीच वारस. समुद्राकडील गळ वरळी, वांद्रे, मढ, उत्तन येथील खडकांवर आणि खाड्यांच्या धक्क्यांवर चालतो. तेथे मासा सोडण्याचा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ सागरी प्रजातींसाठी किमान आकार ठरवून दिले आहेत.

झोळी : सर्वाधिक वाद या भागाविषयी आहे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर जंतू व बुरशी रोखतो. जाळ्याच्या गाठी तो खरवडतात, खवले उचकटतात आणि परांच्या काट्यांमधला पडदा चिरतात. जखम सोडताना दिसत नाही. काही दिवसांनी तेथे कापसासारखी बुरशी धरते. कॅनडात ब्लूगिल या गोड्या पाण्यातल्या लहान माशावर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गाठींच्या जाळ्याने सर्वाधिक, तर रबरी जाळ्याने सर्वांत कमी इजा झाली. त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्ष कमी सांगितला जातो: जाळे न वापरता हातानेच सोडवलेले मासे जाळ्यातल्या माशांपेक्षा सुस्थितीत होते. यावरून काही जण जाळेच नको असे म्हणतात. लहान माशांपुरते ते खरे आहे. पाचसहा किलोचा कटला जाळ्याशिवाय काठावर आणायचा तर तो थकून निपचित होईपर्यंत खेळवावा लागतो. तो थकवा जाळ्याच्या ओरखड्यापेक्षा घातक असतो. जिताड्यासाठी मुंबईकरांना अधिक जवळचा पुरावा ऑस्ट्रेलियातून मिळतो, कारण तेथील बॅरामुंडी आणि आपला जिताडा ही एकच प्रजाती. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत बारीक आसाचे बिनगाठीचे जाळे त्याला अधिक मानवले.

बाजारात तीन प्रकार मिळतात. गाठींचे नायलॉन स्वस्त असते आणि सोडण्याच्या कामी त्याज्य. बिनगाठीचे मऊ नायलॉन हलके असते, पाण्यात सहज फिरते व तलावावर उत्तम ठरते. मात्र तिकाटी गळ त्यात हमखास अडकतो. मग मासा गळावर लटकून तडफडतो आणि जबडा फाटतो. अशा वेळी मासा ओढू नये, जाळ्याचा धागा कापावा. रबरी किंवा रबराचा लेप दिलेल्या जाळ्यात गळ अडकत नाही. शिंगाळ्याच्या पाठीचे व बाजूचे करवती काटेही त्यातून लवकर सुटतात; नायलॉनमध्ये हेच काटे उलटे बसून शेवटी मोडावे लागतात. रबराचा दोष वजनाचा. खाडीच्या ओढीत जड झोळी पालासारखी ताणली जाते आणि दांडा एका हाताने सावरत नाही. खाडीसाठी म्हणून लेप दिलेले बिनगाठीचे जाळे हा मधला मार्ग बरा.

आस इतका लहान हवा की पर त्यातून आरपार जाऊ नयेत. झोळी खोल असली की मासा पळत नाही, पण जड मासा तिच्या तळाशी कमानीसारखा दुमडतो. सपाट तळाची, माशाच्या अंगाच्या दीडदोन पट खोल झोळी योग्य.

कडे व दांडा : पवईच्या मोठ्या कटल्यासाठी सुमारे एक मीटर बाह्यांचे त्रिकोणी कडे आणि दोन मीटरचा दांडा घेतात. मरळ किंवा लहान रोहूला ६० सेंटिमीटरचे गोल कडे पुरते. समुद्रावर हिशेब बदलतो. उधाणाच्या दिवसांत मुंबईला भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. भरतीला हाताशी असलेले पाणी ओहोटीला धक्क्याच्या खूप खाली गेलेले असते. खडकांवर चार-पाच मीटरचा सरकता दांडा चालतो. उंच धक्क्यावरून मात्र दोरीने सोडायचे कड्याचे जाळे लागते. ते नसेल तर मासा दोऱ्यावर उचलला जातो. दोरा तुटतो किंवा ओठ फाटतो. भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत ही अडचण कमी असते.

वापर : जाळे आधी पूर्ण भिजवावे. कडे पाण्याखाली तिरपे धरून स्थिर ठेवावे आणि मासा डोक्याकडून त्यावर आणावा. जाळे घेऊन माशामागे धावू नये, शेपटीकडून तर मुळीच नाही. दचकलेला मासा पुढेच उसळी घेतो आणि डोके झोळीत असेल तर ती उसळी त्याला आत नेते. मासा आत आला की दोरा सैल सोडून गळ पाण्यातच काढावा. गळाच्या टोकाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबलेला असेल तर हे काम काही सेकंदांचे असते. उचलावेच लागले तर दांड्याने उचलू नये, कड्याच्या दोन्ही बाह्या धरून उचलावे. आडव्या दांड्यावर वजन आले की सांधा मोडतो.

हवेतला वेळ मोजावा. १९९२ मधील एका प्रयोगात दमवलेले रेनबो ट्राउट हवेत न काढता सोडले तेव्हा १२ टक्के मेले. ३० सेकंद हवेत धरल्यावर ३८ टक्के आणि ६० सेकंदांनंतर ७२ टक्के. ट्राउट थंड पाण्यातला मासा, त्यामुळे हे आकडे कटल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत. दिशा मात्र तीच आहे. मे महिन्यातल्या कोमट पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो, तेव्हा आपल्याला श्वास रोखून धरता येईल तितकाच वेळ मासा बाहेर ठेवावा.

ग्रिपर : खालचा जबडा चिमटणारे साधन. जिताड्याच्या कल्ल्याचे झाकण पात्यासारखे धारदार असल्याने खाडीवर ते लोकप्रिय आहे. बोनफिश या समुद्री माशावरील अभ्यासात (२००८) पाण्यात ग्रिपरने धरलेल्या ८० टक्के आणि हवेत धरलेल्या सर्व माशांच्या तोंडाला इजा झाली. जिताड्याच्या प्रयोगांतही जबड्याखालचा पडदा फाटल्याचे दिसले. ग्रिपर वापरायचाच तर मासा पाण्यात ठेवून, आणि वजनासाठी उभा टांगू नये. ओल्या झोळीसकट तोलून नंतर झोळीचे वजन वजा करावे. कटल्याच्या मऊ, पुढे येणाऱ्या ओठांना ग्रिपर लावूच नये.

चटई व गॅफ : बंधाऱ्याचा दगड उन्हात तापतो. त्यावर तीन-चार सेंटिमीटर जाडीची, पाणी ओतून गार केलेली फोमची चटई अंथरावी आणि माशाचे डोळे ओल्या फडक्याने झाकावेत, म्हणजे तो शांत राहतो. गॅफ, म्हणजे टोकदार आकडा, सोडायच्या माशासाठी नाही. घोळीला तो सर्रास लावतात, पण बोतासाठी (पोटातल्या हवेच्या पिशवीसाठी) मोल येणारी घोळ सोडली जातेच क्वचित.

पाकट जाळ्यात घेऊ नये. शेपटीचा काटा आसात गुंततो आणि सोडवणाऱ्याच्या मनगटात शिरतो. दोरा तोंडालगत कापून तिला जाऊ द्यावे.

निगा : खाऱ्या पाण्यानंतर जाळे गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावे. उन्हाने रबर तडकते, आणि तडकलेल्या रबराच्या कडा गाठींइतक्याच खरखरीत होतात. लेप निघून आतला धागा दिसू लागला की झोळी बदलावी. बहुतेक कड्यांवर नुसती झोळी बदलता येते.