थर्मोस्टॅट वेगळा, फॅनचा स्विच वेगळा

जुनी गाडी हीट व्हायला लागली की आपल्या कोल्हापुरात दोन उपाय ठरलेले, रेडिएटरचा फॅन डायरेक्ट करा (म्हणजे स्विच टाळून कायम चालू ठेवा) नाहीतर थर्मोस्टॅट काढून टाका, आणि सांगणारा दोन्ही पार्ट एकच असल्यासारखं बोलत असतो. लई वर्षं ऐकतोय, म्हणून एकदा नीट लिहितो.

फॅनचा स्विच सगळ्यांना माहिताय. इंजिन गार ठेवणारं पाणी 95 अंशाच्या आसपास गेलं की फॅन लागतो, थोडं उतरलं की बंद. विषय संपला.

थर्मोस्टॅटला वायरच नसते. आत मेण भरलेली पितळी डबी आणि एक स्प्रिंग, मेण वितळून फुगलं की वॉल, म्हणजे पाण्याची झडप, उघडतो, गार झालं की स्प्रिंग तो परत बंद करते. डबीवर बहुतेक वेळा 82 किंवा 88 कोरलेलं असतं, म्हणजे त्या अंशाला तो उघडायला लागतो. घोळ होतो तो इथंच. लोकांना वाटतं 82 च्या वर जाऊ न देणं हे त्याचं काम. अजिबात नाही! तो खालची हद्द राखतो, पाणी तेवढं तापेपर्यंत रेडिएटरकडं सोडतच नाही. वरची हद्द रेडिएटर आणि फॅन सांभाळतात. त्यामुळं 82 चा थर्मोस्टॅट असलेल्या गाडीत पाणी 90-95 ला गेलं तर ते नॉर्मलच आहे.

माझ्या 1998 च्या मारुती 800 चा थर्मोस्टॅट एका गॅरेजमध्ये "आपल्या हवेत लागत नाही" म्हणून काढला होता, मला न विचारता. थंडीत हायवेला शिरोली सोडली की टेंपरेचरचा काटा तळाला जायचा, गावात आलं की परत वर. पेट्रोल जास्त खायला लागली, आणि एक दिवस ऑइलचं झाकण उघडलं तर आतून लोण्यासारखा पांढरट थर, हेड गॅस्केट (इंजिनातलं पाणी ऑइलमध्ये जाऊ न देणारं पॅकिंग) गेलं म्हणून पोटात गोळाच आला. पण रेडिएटरचं पाणी कमी होत नव्हतं. इंजिन पुरतं तापत नसल्यानं ऑइलमधली वाफ आतच राहत होती. नवीन वॉल बसवला, थर परत आला नाही.

तेव्हा काटा बघा. हायवेला उतरतोय तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा काढलाय. हायवेला बरोबर आणि दसरा चौकात थांबल्यावर चढतोय तर फॅन, स्विच, फ्यूज बघा, थर्मोस्टॅटला हात लावू नका. काटा लालकडं गेला तरी रेडिएटरचा होज गारच असेल तर मात्र वॉल बंद अडकलाय, गाडी तिथंच थांबवा, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण कुणीही उघडायचं नाही.

शंका असेल तर काढलेला वॉल पाण्याच्या पातेल्यात दोऱ्यानं लोंबता सोडा, बुडाला टेकू देऊ नका, आणि पाणी तापवा. कोल्हापूर उंचावर असल्यानं इथं पाणी 98 च्या आसपासच उकळतं, तरी 82 चा वॉल त्याच्या आधीच हळूहळू उघडताना दिसला पाहिजे. उकळी फुटली तरी हलला नाही तर फेकून द्या. नवीन बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडं, आणि कडेला हलणारी बारकी पिन असेल तर ती वरच्या अंगाला ठेवा, अडकलेली हवा तिथनंच निघते.