न्यूझीलंडचा झेंडा आणि 2016 चं सार्वमत: पार्श्वभूमी

मार्च 2016 मध्ये न्यूझीलंडच्या मतदारांना टपालाने एक मतपत्रिका आली. तिच्यावर दोन झेंडे छापलेले होते. एक नेहमीचा निळा: कोपऱ्यात ब्रिटनचा युनियन जॅक, उजवीकडे पांढऱ्या किनारीचे चार लाल तारे. दुसरा नवा: काळा आणि निळा, मधून पांढरं नेचाचं (फर्नचं) पान, तारे तेच. 56.7 टक्के मतदारांनी जुना झेंडा राखला, 43.3 टक्क्यांनी नवा मागितला. मतदान 67.8 टक्के झालं. सुमारे 2 कोटी 60 लाख न्यूझीलंड डॉलरची तरतूद आणि दोन वर्षांची वादावादी झाल्यावरही झेंडा होता तोच राहिला.

बाहेरून पाहणाऱ्याला हा नक्षीचा वाद वाटतो. त्या देशाचा इतिहास चाळला तर वेगळंच दिसतं. तिथे झेंड्यावरून झालेल्या प्रत्येक भांडणाच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: झेंडा ठरवायचा कुणी?

पहिला झेंडा आला तो व्यापाराच्या अडचणीतून. 1830 मध्ये होकियांगा इथे बांधलेलं ‘सर जॉर्ज मरी’ हे जहाज सिडनी बंदरात जप्त झालं, कारण त्याच्यावर कोणत्याही मान्य देशाचा झेंडा नव्हता. जहाजावर पाटुओने आणि ताओनुई हे माओरींचे, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचे, दोन सरदार होते. न्यूझीलंड तेव्हा ब्रिटिश वसाहत नव्हती, त्यामुळे तिथल्या जहाजांना ब्रिटिश झेंडा लावता येईना आणि स्वतःचा झेंडा तर नव्हताच. 1833 मध्ये आलेले ब्रिटिश रेसिडेंट जेम्स बस्बी यांनी तोडगा काढला. 20 मार्च 1834 रोजी वाइटांगी इथे उत्तरेकडच्या पंचवीस सरदारांपुढे तीन नमुने ठेवले गेले आणि मतं घेतली गेली: 12, 10 आणि 3. निवडून आलेला नमुना हेन्री विल्यम्स या मिशनऱ्याने सुचवलेला होता. ‘अ‍ॅलिगेटर’ या युद्धनौकेने 21 तोफांची सलामी दिली. तीनही नमुने बाहेरच्यांनीच आणलेले होते आणि निवडीला वेळही फारसा मिळाला नव्हता, हे खरं. तरीही ज्यांचा झेंडा त्यांना निदान विचारलं गेलं. ही गोष्ट पुन्हा घडायला एकशे ऐंशीहून अधिक वर्षं जावी लागली.

6 फेब्रुवारी 1840 रोजी त्याच वाइटांगीत माओरी सरदार आणि ब्रिटिश राजसत्ता यांच्यात करार झाला आणि संयुक्त टोळ्यांच्या त्या झेंड्याची जागा युनियन जॅकने घेतली. पोर्ट निकल्सन, म्हणजे आजचं वेलिंग्टन, इथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी जुना झेंडा चढवून ठेवला होता, तर गव्हर्नर हॉब्सन यांनी शिपाई धाडून तो उतरवला.

मग होने हेके. याची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. वाइटांगीच्या करारावर सर्वांत आधी सही करणारा सरदार हाच. कोरोरारेका (आजचं रसेल) या बंदराच्या डोक्यावर मायकी टेकडी आहे. तिच्यावरचा ध्वजस्तंभ हेकेनेच दिला होता, आणि तो संयुक्त टोळ्यांच्या झेंड्यासाठी. त्याच्यावर आता युनियन जॅक फडकत होता. दरम्यान राजधानी ऑकलंडला हलली, जकात बसली, बंदराचा व्यापार बसला, आणि करारात बरोबरीची भाषा होती ती कुठे गेली, असा प्रश्न त्याला पडला. 8 जुलै 1844 रोजी त्याच्या माणसांनी खांब तोडला. सरकारने नवा उभारला. 10 जानेवारी 1845 ला तोही आडवा झाला. पुढचा लोखंडाने मढवला, तो 19 जानेवारीला पडला. मग जहाजाची डोलकाठी आणून रोवली आणि शेजारी पहाऱ्यासाठी लाकडी गढी बांधली. 11 मार्चला कावीती या सरदाराच्या लोकांनी खाली गावात सैन्याला गुंतवून ठेवलं आणि वर हेकेने चौथा खांब पाडला. त्या धामधुमीत गाव जळालं, आणि उत्तरेत सुमारे वर्षभर युद्ध चाललं.

हेकेने गावातल्या घरांआधी खांबावर कुऱ्हाड चालवली, कारण तंटा त्या कापडाने सांगितलेल्या मालकीचा होता. तिथे पुढचा खांब 1858 पर्यंत उभा राहिला नाही. उभा राहिला तो कावीतीच्याच मुलाच्या पुढाकाराने, समेटाची खूण म्हणून.

आजचा झेंडा त्यानंतरचा, आणि त्याचा जन्म अगदीच दफ्तरी. 1865 च्या ब्रिटिश कायद्याने वसाहतींच्या सरकारी जहाजांना निळ्या झेंड्यावर आपलं चिन्ह लावणं भाग पडलं. न्यूझीलंडपाशी चिन्ह नव्हतं, म्हणून आधी नुसती ‘एन झेड’ ही लाल अक्षरं लावून वेळ मारून नेली. 1869 मध्ये ‘ब्लांश’ या युद्धनौकेवरचे लेफ्टनंट अल्बर्ट हेस्टिंग्ज मार्कम यांनी चार ताऱ्यांची कल्पना दिली. आपण ज्याला त्रिशंकू म्हणतो, उन्हाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावरून दक्षिण क्षितिजाला टेकलेला दिसतो, तोच हा तारकासमूह. (मार्कम पुढे अ‍ॅडमिरल झाले. 1893 मध्ये त्यांची ‘कँपरडाउन’ ही नौका सरावात आपल्याच आरमाराच्या ‘व्हिक्टोरिया’वर आदळली आणि साडेतीनशेहून अधिक माणसं बुडाली. इतिहासात त्यांचं नाव जास्त येतं ते त्यासाठी.) पंतप्रधान रिचर्ड सेडन यांनी 1901 मध्ये कायदा करून घेतला आणि जून 1902 मध्ये ताऱ्यांचा झेंडा अधिकृत झाला. जनतेला कुणी विचारलं नाही. शेजारच्या ऑस्ट्रेलियात त्याच सुमारास झालेल्या खुल्या स्पर्धेला तीस हजारांवर नमुने आले, आणि निवडला गेला तो न्यूझीलंडच्या झेंड्याच्या इतका जवळ की घोटाळे आजवर चालू आहेत. 1980 च्या दशकात ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बॉब हॉक कॅनडात गेले, तर स्वागताला न्यूझीलंडचे झेंडे लावलेले!

बदलाची कुजबुज 1970 च्या दशकात सुरू झाली. 1973 मध्ये लेबर पक्षाच्या अधिवेशनात ठराव आला आणि पडला. 1979 मध्ये मंत्री अ‍ॅलन हायेट यांनी झेंड्यावर रुपेरी नेचा घ्यावा असं सुचवलं, त्यावर फारसं कुणी लक्ष दिलं नाही. हे नेचाचं पान मात्र लोकांच्या मनात केव्हाच बसलेलं होतं. रग्बीच्या ऑल ब्लॅक्सच्या जर्सीवर ते आहे, परदेशी पुरलेल्या न्यूझीलंडच्या सैनिकांच्या थडग्यांवर ते कोरलेलं आहे. क्रिकेटमुळे आपल्यालाही त्या देशाचा झेंडा आठवण्याआधी हे पानच आठवतं. मुंबईत जन्मलेल्या एजाज पटेलने डिसेंबर 2021 मध्ये वानखेडेवर भारताचे दहाच्या दहा बळी घेतले, तेव्हा त्याच्या छातीवर तेच होतं. तिथे स्थायिक झालेला ऑस्ट्रियन चित्रकार हुंडर्टवासर यानेही 1983 मध्ये नेच्याच्या कोवळ्या कोंबाचा, म्हणजे कोरूचा, हिरवा झेंडा काढला होता. कावाकावा गावातलं त्याने बांधलेलं सार्वजनिक शौचालय त्या झेंड्यापेक्षा जास्त गाजलं, ते सोडा. 2005 मध्ये वेलिंग्टनचे गुंतवणूकदार लॉइड मॉरिसन यांनी सार्वमतासाठी सह्यांची मोहीम काढली. सुमारे 2 लाख 70 हजार सह्या हव्या होत्या, जेमतेम लाखभर जमल्या.

इतक्या थंड विषयाला चूल पेटवून दिली ती पंतप्रधान जॉन की यांनी. मार्च 2014 मध्ये त्यांनी सार्वमताची घोषणा केली. त्यांना स्वतःला काळ्यावर पांढरा नेचा आवडायचा, पण त्याच वर्षी इसिसचे काळे झेंडे जगभर दिसू लागले आणि तो पर्याय त्यांनी मागे टाकला. गंमत म्हणजे जॉन की राजेशाहीचे समर्थक. 2009 मध्ये ‘सर’ हा किताब परत आणणारे तेच. युनियन जॅक काढायचा पण ब्रिटनची राणी राष्ट्रप्रमुख म्हणून ठेवायची, ही त्यांची भूमिका जुन्या मताच्या लोकांना रुचली नाही आणि प्रजासत्ताकवाल्यांना अर्धवट वाटली.

खरी मेख मात्र प्रश्नांच्या क्रमात होती. पहिल्या सार्वमतात नवा झेंडा निवडायचा आणि दुसऱ्यात तो जुन्याच्या समोर ठेवायचा. म्हणजे आधी मुलगी पसंत करा, लग्न करायचं की नाही ते मागाहून ठरवू. की यांची बाजू अशी, की समोर ठोस पर्याय नसेल तर लोक कशाला हो म्हणतील? त्यात तथ्य नाही असं नाही. पण ज्यांना बदल नकोच होता त्यांना पहिल्या फेरीत तसं म्हणायला जागाच उरली नाही. खरं तर तिथला झेंडा 1981 च्या साध्या कायद्याने ठरलेला आहे, संसदेला तो साध्या बहुमताने बदलता आला असता. कॅनडाने तेच केलं होतं: 1964 मध्ये महिनोनमहिने कडाक्याची चर्चा, शेवटी चर्चा आवरती घेऊन मतदान, आणि फेब्रुवारी 1965 मध्ये मेपलचं पान वर. की यांनी लोकांना विचारलं हे मला बरोबरच वाटतं. विचारलं कसं, यात ते फसले.

कायद्याचे प्राध्यापक जॉन बरोज यांच्या अध्यक्षतेखाली बारा जणांचं मंडळ नेमलं गेलं. 10,292 नमुने आले. त्यात डोळ्यांतून हिरवा लेझर सोडणारा किवी पक्षीही होता, आणि जगभर हसू झालं ते त्याचंच. ऑगस्ट 2015 मध्ये चाळीस निवडले, त्यातला एक हुंडर्टवासरच्या झेंड्याशी मिळताजुळता निघाल्याने वगळावा लागला. सप्टेंबरमध्ये उरले चार: तीन नेचे आणि एक कोरू. नेच्यांपैकी दोन काइल लॉकवूड या एकाच माणसाचे, फरक फक्त रंगाचा. यावर इतका ओरडा झाला की ‘रेड पीक’ या भौमितिक नमुन्यासाठी काही दिवसांत पन्नास हजारांवर सह्या पडल्या आणि ग्रीन पक्षाच्या मदतीने कायदा दुरुस्त करून त्याला पाचवी जागा दिली गेली.

डिसेंबरच्या पहिल्या फेरीत निम्म्याहून कमी मतदारांनी भाग घेतला, आणि आलेल्या मतपत्रिकांपैकी जवळपास दहा टक्के कोऱ्या किंवा बिनकामाच्या निघाल्या. पसंतीक्रमाच्या मोजणीत पहिल्या पसंतीला लॉकवूडचा लाल-निळा झेंडा पुढे होता. बाकीचे नमुने बाद होत गेले, त्यांची मतं वळली आणि काळा-निळा 50.6 विरुद्ध 49.4 टक्क्यांनी जिंकला. सर्वाधिक लोकांची पहिली पसंती नसलेला झेंडा असा अंतिम फेरीला गेला.

पुढे वड्याचं तेल वांग्यावर निघालं. 2014 च्या निवडणुकीत स्वतः झेंड्याचा फेरविचार मांडणारा लेबर पक्ष आता की यांच्या मोहिमेवर तुटून पडला. माजी सैनिकांची संघटना जुन्या झेंड्यासाठी उतरली. झेंडा बदलावा असं वाटणारे कित्येकजण ‘हा नको’ किंवा ‘यांच्या हातून नको’ म्हणून जुन्याकडे वळले. 71 मतदारसंघांपैकी फक्त सहांनी बदलाला कौल दिला, आणि ते सहाही की यांच्या नॅशनल पक्षाकडचे होते. की यांचा स्वतःचा हेलन्सव्हिल मतदारसंघ त्यांत नव्हता.

जुन्या झेंड्याच्या बाजूने फार मोठं बहुमत माओरी मतदारसंघांत पडलं. वरवर हे उलटं वाटतं, पण काळा-पांढरा-लाल ‘टिनो रंगातिरातांगा’ हा माओरींचा झेंडा 2009 मध्येच सरकारमान्य झाला होता आणि वाइटांगी दिनी, 2010 मध्ये, ऑकलंडच्या हार्बर ब्रिजवर तो राष्ट्रध्वजासोबत चढलाही होता. त्यांना आपल्या ओळखीसाठी नेचाच्या पानाची गरज नव्हती. शिवाय काही माओरी नेत्यांचं म्हणणं असं होतं, की तो युनियन जॅक म्हणजे 1840 च्या करारावर सही करणाऱ्या दुसऱ्या पक्षाची खूण आहे, आणि त्या करारातली देणी फिटेपर्यंत ती खूण कोपऱ्यात राहिलेली बरी.