रेडिओ तरंग : निर्मिती व ग्रहण

तारेतला विद्युतप्रवाह झपाट्याने उलटसुलट होऊ लागला की त्यातली काही ऊर्जा विद्युतचुंबकीय तरंगांच्या रूपात तार सोडून अवकाशात पसरते. अशा तरंगांपैकी ३,००० गिगाहर्ट्झपेक्षा कमी वारंवारतेच्या (सेकंदाला होणाऱ्या आंदोलनांच्या) तरंगांना रेडिओ तरंग म्हणतात. त्यांचा वेग प्रकाशाइतकाच असतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ साली ते गणिताने मांडले. हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये ठिणग्या पाडून प्रत्यक्ष दाखवले.

हर्ट्झ यांचा प्रयोग खानदेशात रोज होतो, कुणी मुद्दाम करत नाही एवढेच. रावेर-यावलकडे केळीच्या बागेत विहिरीवरची मोटार सुरू केली की स्टार्टरमध्ये ठिणगी पडते आणि बांधावरचा रेडिओ ‘खट्ट’ करतो. वळवाची वीज चमकली तरी तेच. ठिणगीचे तरंग अनेक वारंवारतांवर एकदमच उधळतात, म्हणून काटा कुठेही असो, खरखर चुकत नाही.

प्रक्षेपण केंद्राला अशी उधळपट्टी चालत नाही. तिथे आंदोलक मंडल, म्हणजे प्रवाह उलटसुलट करणारी विद्युत जोडणी, एकच ठरलेली वारंवारता तयार करते. आकाशवाणीच्या जळगाव केंद्राची मध्यम लहर ९६३ किलोहर्ट्झची, म्हणजे तरंगलांबी सुमारे ३११ मीटर. बोलणाऱ्याच्या आवाजाप्रमाणे या वाहक तरंगाची उंची कमीजास्त केली जाते, मग वर्धकाने शक्ती वाढवून तो उंच मनोऱ्यावरून सोडला जातो.

ट्रान्झिस्टर रेडिओत फेराइटच्या काळ्या कांडीवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली असते. सगळ्याच केंद्रांचे तरंग तिच्यातून जातात. काटा फिरवून आपण तारेला जोडलेला कंडेन्सर (विद्युतभार साठवणारा भाग) कमीजास्त करतो आणि हव्या त्या वारंवारतेलाच मंडल जोराने डोलू लागते. बहुतेक संचांत ही वारंवारता आधी ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास आणून वाढवतात, मग डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) वाहक तरंगातून आवाज वेगळा काढतो. कांडीचे टोक जळगावच्या दिशेला धरले की केंद्र जवळजवळ बुडते, आडवी फिरवली की पुन्हा वर येते. आवाज घोगरा झाला की म्हातारी माणसे रेडिओच उचलून फिरवतात, ते याचमुळे.

दिवसा आयनांबराचा, म्हणजे उंचावरच्या विद्युतभारित हवेचा, खालचा थर मध्यम लहरी शोषून घेतो, त्यामुळे जमिनीलगत येणारे जवळपासचे केंद्रच लागते. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि वरचे थर तरंग परतवू लागतात. दिवसभर मुकी असलेली डायलवरची जागा रात्री दूरच्या, अनोळखी भाषांनी गजबजते.