दुसऱ्याचा प्रोग्रॅम सांभाळताना

सप्टेंबर २००६ मध्ये डेबियन या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीममधल्या ओपनएसएसएल या गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या प्रोग्रॅमच्या पॅकेजमध्ये, म्हणजे संगणकावर बसवायला तयार केलेल्या संचात, एक छोटासा बदल झाला. बदल म्हणजे काय, तर दोन ठिकाणची एकसारखी दिसणारी ओळ निष्क्रिय केली गेली. मेमरीतल्या चुका शोधणारं एक साधन तक्रार करत होतं, की इथे अजून काहीच न भरलेली मेमरी वाचली जातेय. पॅकेज सांभाळणाऱ्याने मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडे विचारणा केली. तिकडून ठाम नकार आला नाही, आणि ओळी गेल्या.

त्यातली एक ओळ गेली तरी फारसं बिघडलं नसतं. दुसरी मात्र सगळी यादृच्छिकता आत ओतणारी मुख्य वाट होती. गुप्त किल्ली तयार करताना संगणक जे काही अनिश्चित गोळा करतो, ते याच ओळीतून मिसळलं जायचं. ती बंद झाल्यावर हिशेबात उरला तो फक्त चालू प्रोसेसचा, म्हणजे त्या वेळी चालणाऱ्या प्रोग्रॅमचा, क्रमांक, आणि डेबियन ज्यावर उभं आहे त्या लिनक्सवर तो सहसा ३२,७६८ च्या पुढे जात नाही. म्हणजे २०४८ बिटांची, कोणालाही फोडता येणार नाही अशी वाटणारी किल्ली प्रत्यक्षात बत्तीस-तेहतीस हजारांतली एक. त्या सगळ्या किल्ल्या आधीच बनवून ठेवल्या, की एकेक लावून बघायला कितीसा वेळ लागणार?

हे उघड झालं १३ मे २००८ रोजी. तोवर वीस महिने गेले होते. डेबियनवर बेतलेल्या उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत तीच चूक पोचली होती. जगभरच्या सर्व्हरचालकांना किल्ल्या बदलाव्या लागल्या. चांगल्या यंत्रावर बनवलेली डीएसए या डिजिटल सहीच्या पद्धतीची किल्लीसुद्धा ही चूक असलेल्या यंत्रावरून एकदा वापरली असेल तर बाद धरावी लागली.

हा किस्सा सांगताना बहुतेक जण पॅकेजवाल्याला दोष देऊन मोकळे होतात. मला तो पॅकेज सांभाळण्याच्या कामाचं स्वरूप नेमकं दाखवणारा वाटतो. प्रोग्रॅम एक जण लिहितो आणि तो तुमच्या संगणकापर्यंत नीट पोचवतो दुसराच. हा दुसरा माणूस, म्हणजे मेंटेनर, दुसऱ्याच्या कोडला हात लावतो, आणि बहुतेक वेळा तो कोड त्याला लेखकाइतका माहीत नसतो.

डेबियनची सुरुवात इयन मर्डॉक याने ऑगस्ट १९९३ मध्ये केली. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या ‘ट्रिक्सी’ या आवृत्तीत जवळपास ७० हजार पॅकेजेस आहेत. त्यामागे कुठलीही मालक कंपनी नाही. मतदानाचा हक्क असलेले सदस्य हजाराच्या आसपास, बाकी काम इतर स्वयंसेवकांचं. देवनागरीचा लोहित फॉन्ट तुमच्या डेबियनवर एका आज्ञेसरशी बसतो, तोही अशाच कोणीतरी सांभाळलेला असतो म्हणून.

पॅकेज करायचं म्हणजे मूळ कोडशेजारी ‘डेबियन’ नावाचा एक फोल्डर ठेवायचा. हा प्रोग्रॅम कशाकशावर अवलंबून आहे, तो बांधायचा कसा, कोणत्या आवृत्तीत काय बदललं, हे त्यातल्या फायलींमध्ये लिहिलेलं असतं. सगळ्यात कंटाळवाणी फाइल परवान्यांची. कोणत्या फाइलवर कोणाचा हक्क आणि कोणता परवाना, हे तिथे नोंदवावं लागतं. नवं पॅकेज आलं की संग्रहाची जबाबदारी असलेला गट ते तपासतो. कुठलंसं चित्र किंवा फॉन्ट कुठून आला याचा पत्ता नसेल, तर पॅकेज परत. नवख्याला हा छळ वाटतो, पण सगळं निर्धास्तपणे वाटता येतं ते यामुळेच.

मेंटेनर आपल्या डिजिटल सहीनिशी पॅकेज चढवतो. मग स्वयंचलित यंत्रं ते वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी बांधतात, लॅपटॉपपासून आयबीएमच्या मेनफ्रेमपर्यंत. ‘सिड’ या अस्थिर शाखेत ते काही दिवस राहतं, बदलाच्या निकडीनुसार दोन, पाच किंवा दहा. तेवढ्यात गंभीर बग निघाला नाही तर ते चाचणी शाखेत सरकतं. यथावकाश ही शाखा गोठवतात आणि तीच पुढची स्थिर आवृत्ती होते.

‘डेबियनमध्ये सगळं जुनं असतं’ ही तक्रार इथूनच येते. स्थिर आवृत्तीतल्या प्रोग्रॅममध्ये सुरक्षेची चूक सापडली, तर सहसा नवा प्रोग्रॅम आणत नाहीत. तेवढी दुरुस्ती उचलून जुन्या कोडवर बसवतात. आवृत्तीच्या क्रमांकाला ‘डेब१२यू३’ अशी शेपटी दिसली, तर समजायचं की बाराव्या आवृत्तीतली ही तिसरी डागडुजी. नुसता मूळ क्रमांक बघून ‘तुमचा सर्व्हर असुरक्षित आहे’ म्हणणारी तपासणी-साधनं इथे हमखास फसतात.

नवं लगेच न घेता असं थांबण्याचा उपयोग मार्च २०२४ मध्ये दिसला. एक्सझेड या फाइल दाबणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सहकारी म्हणून शिरलेल्या एका व्यक्तीने चोरदरवाजा बसवला होता. त्याचा कळीचा तुकडा उघड्या कोडसंग्रहात नव्हताच, फक्त प्रकाशित केलेल्या गठ्ठ्यात होता. मेंटेनर मंडळी नेहमीप्रमाणे गठ्ठाच उचलत होती. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकाला सिडवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसलं. त्याने ते सोडून दिलं नाही, खणत गेला आणि २९ मार्चला सगळं जाहीर केलं. चोरदरवाजा सिड आणि चाचणी शाखेत पोचला होता, स्थिर आवृत्तीत नाही. २००८ ची चूक मेंटेनरने स्वतः केलेल्या बदलातून आली होती, ही आली मूळ प्रकल्पावरच्या विश्वासातून. त्यामुळे ‘कशालाच हात लावू नका’ हा नियमही पुरत नाही. मेंटेनरला दोन्हीकडे बघावं लागतं.

आता प्रत्येक पॅचच्या, म्हणजे मूळ कोडमध्ये मेंटेनरने केलेल्या बदलाच्या, डोक्यावर चार ओळी लिहिण्याचा संकेत आहे: हा बदल कशासाठी, तो कुठून आला, मूळ लेखकाकडे पाठवला का, नसेल तर का नाही. दिसायला कारकुनी. पण असा पॅच वर्षानुवर्षं स्वतःपाशी ठेवला तर दर नव्या आवृत्तीला तो पुन्हा बसवत राहावा लागतो, आणि लेखकाच्या नजरेखालून न गेलेला कोड लोकांच्या यंत्रांवर चालत राहतो. पॅच मूळ प्रकल्पात मान्य होऊन आपल्या फोल्डरमधून काढून टाकता आला, की चांगला मेंटेनर खूश.

कोणाला हात घालायचा असेल तर नवं पॅकेज आणण्याचा मोह आधी टाळावा. मेंटेनरने सोडून दिलेल्या पॅकेजेसची यादी डेबियन ठेवतं, त्यांना तिथे ‘अनाथ’ म्हणतात. आपण रोज वापरतो असं एखादं त्यातलं निवडावं, त्यावरचे जुने बग वाचावेत आणि ते दत्तक घेत असल्याची नोंद करावी. सुरुवातीला थेट चढवण्याचा अधिकार नसतो. एखादा जुना सदस्य तपासून आपल्या सहीने चढवतो. पहिल्या खेपेला काम बहुधा परत येतं, आणि शेरा कोडवर नसतोच कित्येकदा. बदलांच्या नोंदीत काय केलं ते लिहिलंय, का केलं ते लिही, एवढंच.