कंपनी बंद, गाडी चालू: जावा-येझदीवाल्यांच्या गोतावळ्याची पार्श्वभूमी

जावा आणि येझदी या मोटरसायकली बनवणारा म्हैसूरच्या यादवगिरी भागातला आयडियल जावाचा कारखाना 1996 मध्ये बंद पडला. त्यानंतर नवी गाडी नाही, कंपनीचे पार्ट नाहीत, तक्रार घेऊन जायला शोरूम नाही. अशा गाडीचं पुढे काय होतं ते राजदूतच्या बाबतीत आपण पाहिलंच. काही वर्षं दुधाच्या किटल्या वाहते, मग गोठ्यामागे उभी राहते आणि एक दिवस भंगारवाला तोलून नेतो. जावा आणि येझदीच्याही कितीतरी गाड्या अशाच गेल्या. पण सगळ्या गेल्या नाहीत. दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी, आंतरराष्ट्रीय जावा दिनाला, पुण्या-मुंबईपासून बंगळूर-म्हैसूरपर्यंत या गाड्या धूर काढत एकत्र जमतात. टेम्पोत घालून आणलेली गाडी असली तर तिच्या मालकाची थोडी चेष्टाही होते.

हे कसं जमलं, असं विचारलं की 'प्रेम हो, दुसरं काय' असं उत्तर येतं. प्रेम आहेच, पण त्याने कनेक्टिंग रॉड मिळत नाही. या गाड्या रस्त्यावर राहिल्या त्याची कारणं बरीचशी गाडीच्या बनावटीत आणि त्या काळच्या बाजारात सापडतात.

सुरुवात प्रागमधली. फ्रांतिशेक यानेचेक हा शस्त्रांचा कारखानदार. त्याने जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटरसायकलचं उत्पादन विकत घेतलं आणि 1929 मध्ये जावा उभी केली. दोन्ही नावांची आद्याक्षरं जोडून नाव झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातले कारखाने सरकारजमा झाले, आणि साध्या, दणकट, टू-स्ट्रोक गाड्या परदेशी धाडणं हा सरकारी व्यापाराचाच भाग बनला. भारतात या गाड्या आणणाऱ्यांत इराणी कुटुंब होतं. आयातीवर निर्बंध आले तेव्हा रुस्तम आणि फरोख इराणी यांनी गाडी इथेच बनवायचं ठरवलं, आणि 1961 मध्ये म्हैसूरहून 250 सीसीची जावा बाहेर पडू लागली. पुढे जावा कंपनीकडून घेतलेल्या परवान्याची मुदत संपली आणि 1973 च्या सुमारास त्याच कारखान्यातल्या गाड्यांच्या टाकीवर येझदी हे नाव आलं. 1978 मध्ये रोडकिंग आली, तीच बहुतेकांच्या आठवणीत आहे.

त्या काळी मोटरसायकल घ्यायची तर प्रामुख्याने तीनच दारं होती: मद्रासची एन्फिल्ड बुलेट, एस्कॉर्ट्सची राजदूत आणि म्हैसूरची जावा. परवाना-राजात चौथं दार उघडत नव्हतं. त्यामुळे गावात एखाद्याकडे जावा असली तर ती दहा-पंधरा वर्षं त्याच्याकडेच राहायची, आणि तेवढ्या वर्षांत मालकाला गाडीच्या पोटातलं सगळं पाठ व्हायचं. बुलेटवाल्यांचंही तेच. डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारा लिव्हर दाबून, अ‍ॅम्पिअर मीटरचा काटा मधोमध आणून मगच किक मारायची, हे ज्याला कोणी सांगितलं नाही त्याला गाडीने स्वतःच सांगितलं, आणि तेही उलटी किक पोटरीवर मारून. तिन्ही गाड्यांचे स्वभाव इतके वेगळे की एका गाडीवर शिकलेला माणूस दुसरीवर अडखळे. म्हणूनच 'आपल्या गाडीवाला' दिसला की आपुलकी वाटणं साहजिक होतं.

जावाचा स्वभाव तर फारच निराळा. गिअर आणि किक यांना मिळून एकच लिव्हर. तो आत दाबून वर फिरवला की किक, गाडी चालू झाली की खाली आणून गिअर. वर त्या गिअरच्या लिव्हरलाच क्लच जोडलेला, पायाने गिअर दाबला की क्लच आपोआप सुटतो. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. आणि चावी म्हणाल तर चावी नव्हेच, एक गोल खुंटी. एका जावाची खुंटी दुसऱ्या जावाला चालायची. खुंटी हरवली तर खिळ्यानेही काम भागे. चोरांना किती सोपं, असं आज वाटेल. पण प्रवासात कोणाची चावी कुठे पडली तर समोरून येणाऱ्या जावावाल्याला थांबवून आपली गाडी चालू करून घेता येई. या गाडीने माणसांना एकमेकांवर विसंबायला कसं लावलं ते पाहायचं तर ही खुंटी पुरेशी आहे.

खरी विद्या मात्र तेलात होती. या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगणाची वेगळी सोय नसते, ऑईल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरमागे साधारण 30 ते 40 मिलि. कमी पडलं तर पिस्टन जाम, जास्त झालं तर प्लग काळा आणि सायलेन्सर कोंदलेला. हे कोणीही सांगेल. अनुभवी माणूस त्यापुढचं सांगतो. घाट उतरताना आपण थ्रॉटल बंद करून गाडी गिअरवर सोडतो. थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे ऑईलही बंद, पण इंजिन तर चाकांच्या जोरावर गरगर फिरतंच आहे. म्हणून खंडाळ्याचा किंवा खंबाटकीचा उतार असला की मधूनमधून थ्रॉटल पिळून इंजिनाला घोट द्यायचा. आणि लांब पल्ल्यात डाव्या हाताची दोन बोटं कायम क्लचवर. इंजिनाचा आवाज घट्ट झाल्यासारखा वाटला, गाडी मागून कोणी धरल्यासारखी वाटली, की क्षणात क्लच दाबायचा. नाहीतर मागचं चाक लॉक होऊन माणूस रस्त्यावर. पिस्टन गरम होऊन धरला असेल तर सावलीत उभं राहायचं, पाणी ओतायचं नाही. थंड झाल्यावर बहुतेकदा किक परत फिरते.

हे सगळं पुस्तकात मांडलेलं फारसं नव्हतंच. ते तोंडी चालत आलं. काड्यापेटीच्या कडेने सीबी पॉइंट, म्हणजे प्लगच्या ठिणगीची वेळ सांभाळणारा संपर्क, घासायचा, त्याची फट 0.4 मिलिमीटर ठेवायची, सायलेन्सरच्या आतली नळी काढून विस्तवावर भाजून कार्बन झाडायचा, जास्तीचा प्लग आणि कंडेन्सर डिकीत ठेवायचाच. सांगणारा शेजारी असे, चुलता असे, नाहीतर पेट्रोल पंपावर भेटलेला कोणी अनोळखी. मिस्त्री लोक मात्र हात राखून शिकवायचे, आणि त्यांना दोष देता येणार नाही. ती त्यांची भाकरी होती. गॅरेजमधला पोऱ्या चार वर्षं पाने पुसत राहिला तरी उस्ताद क्रँक भरताना त्याला चहा आणायला पाठवायचा. मालकांना एकमेकांपासून लपवायचं काहीच कारण नव्हतं. दुसऱ्याची गाडी नीट चालली तर आपलं काही जात नाही, उलट पुढच्या वेळी रस्त्यात आपल्याला मदत करणारा एक वाढतो. या गोतावळ्यात विद्या इतकी मोकळेपणाने फिरली ती यामुळे, असं माझं मत आहे.

1984 ते 86 या काळात चित्र पालटलं. इंड-सुझुकी, हिरो होंडा सीडी 100, यामाहा आरएक्स 100, कावासाकी बजाज, अशा जपानी तंत्राच्या 100 सीसी गाड्या एकापाठोपाठ आल्या. हिरो होंडाची जाहिरात होती, 'फिल इट, शट इट, फर्गेट इट'. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. पगारदार माणसाला आणखी काय हवं होतं? जावावाल्याला मात्र गाडी विसरता येत नव्हती, ती दर शंभर किलोमीटरला आपली आठवण करून देई. पेट्रोल पिण्यात, धूर सोडण्यात आणि देखभालीत येझदी मागे पडली. कारखान्यातले तंटे, प्रदूषणाचे नवे नियम हे सगळं मागे लागलंच. 1996 ला फाटक बंद झालं तेव्हा फारशा लोकांना त्याचं आश्चर्यही वाटलं नाही.

यानंतरची काही वर्षं या सगळ्या गोष्टीत सर्वांत महत्त्वाची, आणि त्यांच्याबद्दल लिहिलं गेलंय सर्वांत कमी. बंद पडलेल्या डीलरांकडे पडून राहिलेला माल आधी संपला. मग पुण्याचा रविवार-बुधवारचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार, गावोगावचे भंगारवाले. एक गाडी चालू ठेवायला दुसरी गाडी पार्टसाठी घ्यायची, हा त्या काळचा सर्रास मार्ग. एकाकडे कार्बोरेटर जादा, दुसऱ्याकडे मीटर, तिसऱ्याकडे टाकीवरचं रबर. पैशांत व्यवहार क्वचित, अदलाबदल जास्त. ज्या वस्तू कुठेच मिळेनात त्या बनवून घ्यायला लागले. गॅस्केट, केबल, रबरी बुश, बेअरिंगची घरं. इथे महाराष्ट्राला एक फायदा होता: भोसरी-चिंचवडला किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर बसणारा माणूस नमुना हातात दिला की तसाच पार्ट काढून देतो. पण एक नग काढायला तो तयार नसतो, पन्नास लागतात. पन्नास नगांसाठी पन्नास गाडीवाले हवेत. क्लब उभे राहिले ते बऱ्याच अंशी या हिशेबातून. रविवारच्या राईडला जमणं आणि पुरीभाजी हाणणं हे नंतर आलं.

ती राईडही जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने जाते. एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. साठच्या वेगात खूश असलेल्या गाडीला त्याचं काही वाटत नाही. रांगेत सर्वांत पुढे रस्ता माहीत असलेला, सर्वांत शेवटी पाने-पकड घेतलेला, आणि नवखा कायम पुढून दुसरा, म्हणजे त्याच्यावर नजर राहते. कोणाची गाडी बसली तर शेवटचा थांबतो, बाकीचे पुढच्या चहाला. सगळ्यांनी गर्दी करून एका कार्बोरेटरभोवती दहा डोकी घालू नयेत, हा नियम कुठल्यातरी लांबलेल्या दुपारीच ठरला असणार.

बुलेटवाल्यांची वाट वेगळी गेली. त्यांची कंपनी जगली. वेगवेगळ्या शहरांतल्या बुलेट क्लबांनी एकत्र येऊन रायडर मेनिया सुरू केला, त्या नावाचा कंपनीचाही मेळा पुढे गोव्यात भरू लागला, आणि 2023 पासून त्याचं नाव मोटोव्हर्स झालं. तिकडे संगीत, स्टॉल, जॅकेटं, सगळं असतं. मजा येत असेल, नाही म्हणत नाही. पण मेळा कंपनीचा आणि येणारे पाहुणे, हा फरक जाणवतो. जावावाल्यांना पाहुणे म्हणून बोलवायला कोणी उरलंच नव्हतं, यजमान तेच आणि पाहुणेही तेच.

एक उणीव मात्र दोन्हीकडे सारखी होती. 'ब्रदरहूड', 'भाई' हे शब्द इतके तोंडात बसले की बायका गाडी चालवतात हे कोणाच्या गावीच नव्हतं, आणि तेही ज्या पुण्यात लुनावर तीन पिढ्या वाढल्या त्या पुण्यात. 2011 मध्ये पुण्यातच 'द बायकर्नी' हा बायकांचा गट सुरू झाला. पुरुषांच्या घोळक्यात प्लगची शंका विचारली की उत्तर मिळण्याआधी पाना हातातून काढून घेतला जातो, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना वेगळा गट का लागला ते सांगावं लागत नाही.

नोव्हेंबर 2018 मध्ये क्लासिक लेजंड्सने जावाचं नाव परत आणलं. मागे महिंद्रा, भागीदारांत म्हैसूरच्या त्याच इराणी घराण्यातले बोमन इराणी, कारखाना मध्य प्रदेशात पिथमपूरला. 2022 च्या जानेवारीत येझदीही परतली. दिसायला जुनीची आठवण देणारी, दोन सायलेन्सरसुद्धा ठेवलेले, पण आत फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं, फ्युएल इंजेक्शनचं इंजिन. काड्यापेटीने घासायला तिथे काही नाही. बिघाड झाला तर लॅपटॉप लावून कोड वाचायचा. जुन्यांनी सुरुवातीला नाकं मुरडली. तरी नव्या गाडीवाल्यांपैकी काहींनी वर्षाच्या आत एखादी जुनी रोडकिंगही शोधून आणली आणि ते प्लगचा रंग ओळखायला शिकू लागले. म्हणजे कंपनीच्या पुनरागमनाने जुन्या गाड्यांचे भावही चढवले. कधीकाळी भंगाराच्या दरात मिळणारा सांगाडा आता कागदपत्रांसकट हवा असेल तर घासाघीस करावी लागते.

कागदपत्रं हा तर सध्याचा मोठा विषय. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरटीओत फेरनोंदणी. इंजिन आणि चासी नंबर जुळले पाहिजेत, आणि पार्टसाठी घेतलेल्या गाडीचं इंजिन बसवलं असेल तर डोकेदुखी. 2021 मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले, पण त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा कामांपुरतीच. ज्यांची जावा अजून भाजी आणायला जाते त्यांना हा सन्मान नको आहे. कोणत्या कार्यालयात कोणता कागद आधी न्यायचा ही माहिती आता सीबी पॉइंटच्या फटीइतकीच तत्परतेने एकमेकांना पुरवली जाते.

आणि गेल्या दोन-तीन वर्षांत तेलाचा प्रश्न पुन्हा वर आलाय, नव्या रूपात. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच शेतमालाचं असलं तरी साठ-सत्तरच्या दशकातल्या रबराला ते मानवत नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली तर पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि टाकी आतून गंजते. यावर सध्या जे उपाय फिरतायत ते असे: घरी पोचण्याच्या अर्धा किलोमीटर आधी पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होऊ द्यायचा, पेट्रोलची नळी आणि कॉकचे वॉशर इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घालायचे, ऑईल मिसळलेलं पेट्रोल साठवून ठेवायचं नाही, जेवढं लागेल तेवढंच भरायचं. ऑईलचं प्रमाण वाढवावं की नाही यावर मात्र अजून एकमत नाही. पुण्यातले एक सांगतात, म्हैसूरचे दुसरंच.