धोपाव्याची फेरीबोट आणि भाच्याचं टॉरेंट

गणपतीला आमच्या गुहागरच्या घरी अठरा माणसं आणि नेट एकच, डाउनलोड ५० एमबीपीएस, अपलोड १०. यंदा आरतीला दुबईच्या काकाला व्हिडिओ कॉल लावला तर चेहरा अडकलेला, आवाज तुटक, इकडे कापूर विझला तरी तिकडे अजून टाळ्याच चालू. केबलवाल्याला फोन करून दोन शिव्या घातल्या, तो बिचारा म्हणे लाइन ओके आहे दादा, आणि खरंच ओके होती. माळ्यावर भाचा टॉरेंटवर लिनक्सची फाइल उतरवत बसलेला.

टॉरेंट २००१ मध्ये ब्रॅम कोहेनने काढलं. फाइलचे तुकडे करून पन्नास जणांकडून घ्यायचे आणि आपल्याकडचे पन्नास जणांना द्यायचे. म्हणजे घेण्याबरोबर देणंही आलं, आणि आमचं अपलोड मुळातच चिंचोळं, ते तिथेच भरलं.

आता धोपाव्याची जेट्टी आठवा, दाभोळला जाणारी फेरीबोट. बोटीत मावायच्या तेवढ्याच गाड्या मावणार, जेट्टीवर पार्किंग कितीही वाढवा, बोट जास्त फेऱ्या मारत नाही, नुसती रांग लांबते. राउटरमधला बफर, म्हणजे पुढे जायची वाट बघणारा डेटा ठेवायची मेमरी, हे आपलं पार्किंग, आणि बोट म्हणजे अपलोडची लाइन. १० एमबीपीएसच्या अपलोडमागे १ एमबीचा बफर भरला की शेवटच्या पॅकेटला, म्हणजे डेटाच्या शेवटच्या छोट्या पुडक्याला, ०.८ सेकंद थांबावं लागतं, कॉलची वाट लावायला एवढं पुरे. आणि डाउनलोडही रखडतं कारण 'मिळालं' हा निरोप त्याच रांगेतून जातो!

गंमत म्हणजे गर्दी झाली की मागे सरायचं हे इंटरनेटला कधीचंच येतं. १९८६ मध्ये बर्कलीत जेमतेम चारशे यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला, म्हणून व्हॅन जेकबसन या संशोधकाने १९८८ मध्ये उपाय मांडला, की पॅकेट हरवलं की समजायचं गर्दी आहे, वेग कमी करायचा. पण मेमरी स्वस्त झाली, कंपन्यांनी बफर मोठे केले, पॅकेट हरवेचनात, नुसती ताटकळायला लागली, मग पाठवणाऱ्याला गर्दी कळणार कशी? २०१० च्या सुमारास जिम गेटिस या संगणकतज्ज्ञाला घरून फाइली पाठवताना हेच दिसलं, त्याने याला नाव दिलं बफरब्लोट, म्हणजे फुगलेला बफर.

२०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि पुन्हा तोच जेकबसन यांनी कोडेल आणलं, रांग सांभाळायचं एक तंत्र. ते रांगेची लांबी बघतच नाही, पॅकेट किती वेळ थांबलं ते बघतं. ५ मिलिसेकंदांच्या वरची ताटकळ १०० मिलिसेकंद टिकली की एखादं पॅकेट सरळ टाकून देतं, पाठवणारा समजतो आणि हात आखडता घेतो. पण टॉरेंट एकाच घरचे चाळीस जण वेगवेगळे रांगेत उभे करावेत तसं चाळीस कनेक्शनं उघडतं, म्हणून 'केक' नावाचा पुढचा प्रकार माणसांऐवजी घरं मोजतो, म्हणजे प्रत्येक मोबाइल-लॅपटॉपला सारखा वाटा. कॉलची चिमुकली पॅकेटं तर बोटीवर कोपऱ्यात स्कूटर घुसवावी तशी पुढे सरकतात.

मी जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, केक चालू केला, अपलोड ९ वर बांधलं. १० असताना ९ का? रांग केबलवाल्याच्या डब्यात न लागता माझ्या राउटरमध्ये लागावी म्हणून, रांग आपल्याकडे असली तरच आपण ती लावू शकतो. बहीण म्हणत होती टॉरेंटच बंद कर, पण पोराचं काय चुकलं?

विसर्जनापर्यंत त्याचं टॉरेंट माळ्यावर चालूच होतं, काकाने शेवटची आरती आमच्याबरोबर अगदी तालात म्हटली, बेसूर होती ती गोष्ट वेगळी.